तीन मॉनिटर जोडले, तरी गाडीत बसल्यासारखं का वाटत नाही?

प्रश्न असा आहे: "माझ्याकडे २४ इंची, १०८०पी (१९२०×१०८० पिक्सेलांचा) मॉनिटर, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड आणि टेबलाला क्लॅम्प केलेलं लॉजिटेक जी२९ स्टिअरिंग आहे. मित्राकडून तसेच दोन मॉनिटर आणून एका रविवारी जोडून पाहिले. असेटो कोर्सा हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम तिन्ही पडद्यांवर आला, पण बाजूच्या पडद्यांवरच्या गाड्या रबरासारख्या ताणलेल्या दिसत होत्या आणि अर्ध्या तासात डोकं जड झालं. दोन मॉनिटर विकत घ्यावेत, एकच मोठा वक्र मॉनिटर घ्यावा, की हा नाद सोडावा? नाशिकला राहतो, खोली दहा बाय दहाची आहे."

नाद सोडू नका. त्या रविवारी तुम्ही जे पाहिलंत, ते तीन मॉनिटरवरचं खेळणं नव्हतंच. एका कॅमेऱ्याने काढलेलं एकच चित्र तीन पडद्यांवर पसरलं होतं, आणि ते पडदेही बहुधा टेबलावर जवळजवळ एका रेषेत उभे असणार. पुण्यात गेली बारा वर्षं मी लोकांच्या घरी ड्रायव्हिंगच्या आणि विमानाच्या गेमसाठी ट्रिपल सेटअप, म्हणजे तीन मॉनिटरच्या मांडण्या, लावून देतो. स्वतः लावून पाहून मग मला बोलावणाऱ्यांची पहिली तक्रार बहुतेक वेळा हीच असते. म्हणून खर्चाआधी एक गोष्ट पक्की करू. गाडीत बसल्याचा भास कोनातून येतो. गेममधला कॅमेरा जितके अंश जग दाखवतो, तितकेच अंश तो पडदा तुमच्या डोळ्यांसमोर व्यापत असेल, तर मेंदू त्या पडद्याला खिडकी मानतो. हे जुळलं नाही तर पडदे वाढवून काही हाती लागत नाही.

तुमच्याच मॉनिटरचं गणित करू. २४ इंची म्हणून मिळणारा पडदा बहुतेकदा २३.८ इंची असतो. त्याची चित्र दिसणारी रुंदी ५२.७ सेंमी आणि उंची २९.६ सेंमी. डोळे त्याच्यापासून ६० सेंमीवर असतील, तर तो आडवा सुमारे ४७ अंश आणि उभा सुमारे २८ अंश व्यापतो. एका मॉनिटरवर गेमचा एफओव्ही, म्हणजे दिसण्याचा कोन, इतकाच ठेवला तर स्टिअरिंगचा वरचा भाग आणि समोरचा रस्ता दिसतो. दाराचे आरसे आणि बाजूच्या काचा गायब होतात. म्हणून जवळजवळ सगळे जण एफओव्ही वाढवतात. मग ८०-९० अंशांचं जग ४७ अंशांच्या खिडकीत कोंबलं जातं. प्रत्येक गोष्ट आहे त्याहून लहान आणि लांब वाटते, वळण लांब वाटतं, ब्रेक उशिरा लागतो. वर्षानुवर्षं असं खेळलेला माणूस खऱ्या कोनावर आला की त्याचं ब्रेकिंग आठवडाभरात सुधारतं, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

आता बाजूचे पडदे काय करतात ते बघा. दोन्ही डोळ्यांनी मिळून आपल्याला आडवं जवळपास २०० अंश दिसतं. कडेच्या भागात बारीक तपशील कळत नाही, पण हालचाल फार चटकन कळते, आणि वेगाचा अंदाज बराचसा तिथूनच येतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर भाताणच्या बोगद्यात शिरलं की स्पीडोमीटरचा काटा जागचा हलत नाही, तरी वेग वाढल्यासारखा वाटतो, कारण भिंती दोन्ही कानांजवळून पळत असतात. बाजूच्या मॉनिटरांचं काम त्या भिंतींचं. त्यांच्याकडे टक लावून बघायचं नसतं, ते कडेला हलत राहिले म्हणजे पुरतं. दुसरा फायदा अरुंद वळणांवर कळतो. तुम्ही कसारा घाट गाडीने चढला असाल. तिथे वळताना आपली नजर बॉनेटवर नसते. वळण जिथे संपतं तिकडे, म्हणजे बाजूच्या काचेतून आपण बघतो. एका मॉनिटरवर तो रस्ता चित्रात नसतोच. शर्यतीत दाराला दार लावून आलेली गाडीही तशीच. एका पडद्यावर तिच्यासाठी आरसा नाहीतर गेममधला रडार लागतो, तीन पडद्यांवर ती शेजारी दिसते.

मग गाड्या ताणल्या का गेल्या? सपाट पडद्यावर चित्र काढताना गेम मधोमध एक कॅमेरा धरतो आणि समोरच्या सपाट काचेवर जग उमटवतो. या पद्धतीत मध्यापासून जितकं दूर जावं तितकं चित्र आडवं फाकतं. बऱ्याच गेममध्ये उभा कोन कायम ठेवून आडवा वाढवतात. समजा उभा कोन ६० अंश आहे. एका १६:९ पडद्यावर तो आडवा ९१ अंश होतो, पण तीन पडदे जोडून चित्र ५७६०×१०८० झालं की तोच आडवा कोन १४४ अंश होतो. सपाट काचेवर १४४ अंश बसवायचे म्हणजे अगदी कडेला चित्र मध्यापेक्षा आडवं दहापट फाकलेलं असतं. तुम्हाला दिसलेली रबरी गाडी तीच. यात तुमच्या कार्डाचा किंवा मित्राच्या मॉनिटरचा काही दोष नाही.

यावर उपाय म्हणजे तीन पडद्यांना तीन कॅमेरे. प्रत्येक कॅमेरा आपापल्या पडद्याच्या दिशेने वळलेला आणि प्रत्येकाचा कोन त्या पडद्याएवढाच. मग कुठल्याच पडद्यावर ४७ अंशांपेक्षा जास्त भार येत नाही आणि ताण डोळ्यांना जाणवत नाही. ही कल्पना नवी नाही, म्हणून थोडं मागे जातो. १९९३ साली डूम हा बंदुकीचा गेम आला, तेव्हा त्याच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत तीन कॉम्प्युटर नेटवर्कने जोडून एकावर समोरचं, दुसऱ्यावर डावीकडचं आणि तिसऱ्यावर उजवीकडचं दृश्य दाखवता यायचं. डूमचा कोन ९० अंशांचा आणि बाजूचे कॅमेरेही ९० अंशांनी वळवलेले, म्हणजे मिळून २७० अंश, आणि सांध्यावर चित्र तंतोतंत जुळणारं. १.२ आवृत्तीत ही सोय काढून टाकली. पुढे २००२ मध्ये मॅट्रॉक्सचं परहेलिया कार्ड आलं. एकाच कार्डावर तीन मॉनिटर, पण चित्र एकच, लांबलचक. २००९ मध्ये एएमडीने रेडिऑन एचडी ५८०० मालिकेबरोबर आयफिनिटी आणलं, २०१० मध्ये एनव्हिडियाने सराउंड आणलं, आणि तीन पडद्यांचा एकच डेस्कटॉप करणं कुणालाही जमू लागलं. सोय झाली खरी, पण त्या सोयीमुळे एका कॅमेऱ्याचं चित्र पसरवणं हीच ट्रिपल मॉनिटरची ओळख झाली, आणि पुष्कळ लोकांनी ते पाहून तीन मॉनिटरवरचा विश्वास सोडला. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण योग्य पद्धत तर पहिल्यापासून माहीत होती.

सुदैवाने तुम्ही जो गेम खेळता त्यात ही पद्धत आहे. असेटो कोर्साच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये रेंडरिंग मोड 'ट्रिपल स्क्रीन' निवडायचा आणि मग पडद्याची रुंदी, डोळ्यापासूनचं अंतर, बाजूच्या पडद्यांचा कोन आणि बेझल, म्हणजे चित्राभोवतीची चौकट, ही मापं भरायची. आयरेसिंग या शर्यतीच्या गेममध्येही मॉनिटरची मापं भरून तीन प्रोजेक्शन, म्हणजे तीन कॅमेरे, वापरण्याचा पर्याय आहे. युरो ट्रक सिम्युलेटर २ मध्ये हे काम कॉन्फिग फाइल हाताने बदलून करावं लागतं, पण होतं. विमानवाल्यांसाठी एक्स-प्लेनमध्ये प्रत्येक मॉनिटरला स्वतंत्र कोन आणि आडवा ऑफसेट, म्हणजे कॅमेरा किती अंश बाजूला वळवायचा ते, देता येतं.

मापं घेताना लोक चुकतात, म्हणून इथे जरा रेंगाळतो. रुंदी मोजायची ती उजळलेल्या चित्राची, प्लॅस्टिकच्या चौकटीची नाही. पट्टी घेऊन खऱ्या पिक्सेलच्या काठापासून काठापर्यंत मोजा. हल्लीच्या 'बेझललेस' मॉनिटरलाही चौकटीच्या आत काही मिलिमीटर काळी पट्टी असते, ती बेझलमध्ये धरायची. अंतर मोजायचं ते डोळ्यापासून, छातीपासून नाही. सीटवर बसा, स्टिअरिंग धरा, मान नेहमी असते तशी ठेवा आणि दुसऱ्या कुणाला तरी टेप धरायला सांगा. एकट्याने मोजताना माणूस नकळत पुढे झुकतो आणि पाच-सात सेंमी चुकतात.

बाजूच्या पडद्यांचा कोनही अंदाजाने ठेवू नका. प्रत्येक पडदा तुमच्या डोळ्यांना सरळ सामोरा असावा, म्हणजे दोन शेजारच्या पडद्यांमधलं वळण एका पडद्याने व्यापलेल्या कोनाएवढं. तुमच्या बाबतीत ६० सेंमीवर ४७ अंश, आणि बेझल धरला तर ४८. तिन्ही मिळून १४० अंशांच्या वर जातात. हेच पडदे एका सरळ रेषेत ठेवले तर जेमतेम १०६ अंश मिळतात, आणि बाजूचे पडदे तिरके दिसतात ते वेगळंच.

आता जी२९. टेबलाला क्लॅम्प केलेलं स्टिअरिंग मॉनिटरला मागे ढकलतं. साधारण मांडणीत डोळे ते पडदा अंतर ७५ सेंमी होतं, आणि तेवढ्यानेच एका पडद्याचा कोन ४७ वरून ३९ वर येतो. तिन्हींचे मिळून पंचवीसेक अंश गेले. बाजूच्या काचेतली गाडी त्या पंचवीस अंशांतच असते. म्हणून मॉनिटरचे मूळ स्टँड काढा आणि मागे व्हेसाची, म्हणजे आर्म बसवण्यासाठीची ठरावीक मापाची, भोकं आहेत का ते बघून आर्म लावा, म्हणजे पडदा स्टिअरिंगच्या डोक्यावरून पुढे आणता येईल. मधल्या पडद्याचा खालचा काठ स्टिअरिंगच्या वरच्या कडेमागे थोडा झाकला गेला तरी चालतं. खऱ्या गाडीतही तिथे डॅशबोर्डच असतो. डोळ्यांची उंची पडद्याच्या मध्याला यावी. आर्म टेबलाच्या कडेला लावणार असाल तर टेबल हलतं का ते आधी बघा. फोर्स फीडबॅकच्या, म्हणजे स्टिअरिंगमधली मोटर हाताला देते त्या, धक्क्याने तीन पडदे थरथरायला लागले तर सगळी मेहनत वाया जाते. माझी पसंती जमिनीवर उभ्या राहणाऱ्या वेगळ्या लोखंडी स्टँडला. फॅब्रिकेशनवाल्याकडून चौकोनी पाइपचा करून घेतला तरी उत्तम काम देतो.

जागेचं म्हणाल तर ४७ अंशांनी वळवलेले तीन पडदे टोकापासून टोकापर्यंत सुमारे १२४ सेंमी, म्हणजे चार फुटांच्या किंचित वर, आणि खोलीकडे सुमारे ३९ सेंमी घेतात. दहा बाय दहात हे आरामात बसतं, पलंगही राहतो. मागच्या भिंतीपाशी केबलसाठी वीतभर जागा सोडा. खिडकी पाठीमागे असेल तर जाड पडदा लावा, नाहीतर दुपारी प्रत्येक पडद्यात खिडकीच दिसेल.

केबलच्या बाबतीत एक जुना अनुभव सांगतो. माझ्या पहिल्या ट्रिपल सेटअपमध्ये तिसरा मॉनिटर पेटेचना. दुकानदाराने मॉनिटर खराब म्हणून बदलून दिला, दुसराही पेटला नाही. दोन आठवडे गेले तेव्हा कळलं की त्या काळच्या कार्डांवर डीव्हीआय-एचडीएमआयसाठी सिग्नलची लय राखणारी दोनच घड्याळं (क्लॉक) असायची, म्हणजे तिथून दोनच मॉनिटर चालायचे. तिसरा मॉनिटर डिस्प्लेपोर्टवर चालायचा, आणि मध्ये अडॅप्टर लावायचा तर तो अ‍ॅक्टिव्हच, म्हणजे आत सिग्नल बदलणारी चिप असलेलाच, लागायचा. मला विकलेला अडॅप्टर साधा पॅसिव्ह होता. आज ३०६० कार्डावर सहसा तीन डिस्प्लेपोर्ट आणि एक एचडीएमआय असतात, त्यामुळे ही अडचण येणार नाही. तरी तिन्ही मॉनिटर डिस्प्लेपोर्टवरच लावा. मिश्रण केलं की कधी रिफ्रेश रेट (सेकंदाला चित्र किती वेळा बदलतं तो आकडा) जुळत नाही, कधी सांध्यावर चित्र फाटतं. स्वस्त केबल टाळा. काही हलक्या डिस्प्लेपोर्ट केबलमध्ये विसाव्या पिनची तार दोन्ही टोकांना जोडलेली असते. ती तशी असायला नको, कारण त्या पिनमधून वीज येते आणि मॉनिटर व कार्ड एकमेकांना ती ढकलत बसतात. कॉम्प्युटर बंद केल्यावरही मॉनिटरचा दिवा विचित्र वागत असेल, तर आधी केबल बदलून बघा.

जोडणी झाली की एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमधून सराउंड चालू करा. तिन्ही मॉनिटर एकाच रिझोल्यूशनवर आणि एकाच रिफ्रेश रेटवर ठेवा. बेझलची दुरुस्ती ड्रायव्हरमध्ये तरी करा नाहीतर गेममध्ये, दोन्हीकडे कधीच नको. दोन मॉनिटरमधला एकूण काळा पट्टा २० मिलिमीटर असेल तर तुमच्या पडद्यावर तो ७३ पिक्सेलांएवढा होतो, आणि ड्रायव्हरमध्ये दुरुस्ती केलीत तर रुंदी ५७६० ऐवजी ५९०६ च्या आसपास दिसेल. ते पिक्सेल पट्ट्यामागे लपतात, जसा गाडीच्या खांबामागे रस्ता लपतो. लोक या पट्ट्यांना फार घाबरतात. ड्रायव्हिंगमध्ये दोन दिवसांत ते दिसेनासे होतात, कारण गाडीतही जवळपास तिथेच खांब असतात. २०१८ मध्ये एसूसने सांध्यावर लावायच्या भिंगांच्या पट्ट्या दाखवल्या होत्या, प्रकाश वळवून पट्टा लपवणाऱ्या. कल्पना सुंदर, पण दोन पडद्यांमधला आतला कोन १३० अंशच ठेवावा लागायचा.

कार्डाला झेपेल का? तीन १०८०पी पडद्यांचे पिक्सेल होतात ६२ लाख. एका ४के पडद्याचे ८३ लाख. म्हणजे ओझं ४केच्या तीन-चतुर्थांश. असेटो कोर्सा २०१४ चा गेम आहे, तुमच्या ३०६० वर तो छान चालेल. आरशांचं रिझोल्यूशन, सावल्या आणि गाड्यांवरची प्रतिबिंबं आधी कमी करा. वेग खाणाऱ्या गोष्टी याच, आणि कडेच्या नजरेला त्यांची गरजही नसते. फ्रेम्स कमी-जास्त होत राहण्यापेक्षा थोड्या खालच्या आकड्यावर स्थिर राहिलेल्या बऱ्या. पुढे २७ इंची १४४०पी घ्यायचा मोह होईल, तेव्हा लक्षात ठेवा की तीन १४४०पी म्हणजे १ कोटी १० लाख पिक्सेल, ४केपेक्षा तिसऱ्या हिश्श्याने जास्त. तिथे ३०६० दमेल.

वक्र मॉनिटरबद्दल. ४९ इंची, ३२:९ मॉनिटर म्हणजे शेजारी शेजारी ठेवलेले दोन २७ इंची. ७० सेंमीवरून तो साधारण ९० अंश व्यापतो. बेझल नाही, एक केबल, लावायला पाच मिनिटं, आणि इतर कामालाही चांगला. ज्याला ड्रायव्हिंगबरोबर दिवसभर ऑफिसचं कामही करायचं आहे, त्याला मी तोच सुचवतो. पण १४० अंशांच्या शेजारी ९० अंश ठेवले की दार, आरसा आणि शेजारची गाडी परत नाहीशी होते. तुमच्याकडे एक मॉनिटर आहेच, त्यामुळे पैशाच्या हिशेबातही दोन मॉनिटर वरचढ ठरतात. डोळ्यांवर बांधायच्या व्हीआर हेडसेटमध्ये जवळ-लांबची जाणीव तिन्ही पडद्यांहून चांगली असते. मात्र आपल्याकडच्या मे महिन्यात तोंडाला बांधून तासभर बसणं अनेकांना सोसत नाही, आणि चष्मेवाल्यांची अडचण असते.

एक गोष्ट कमी लोकांना माहीत असते, ती आवर्जून सांगतो. ओपनट्रॅक नावाचं मोफत सॉफ्टवेअर साध्या वेबकॅमवरून तुमची मान कुठे वळली ते ओळखतं आणि गेममधला कॅमेरा तसा वळवतं. ट्रकच्या किंवा विमानाच्या खेळात एका मॉनिटरवरही यामुळे खूप फरक पडतो. मॉनिटर घ्यायला वेळ लागणार असेल तर तोपर्यंत हे वापरा.

सगळेच गेम तीन पडद्यांसाठी नसतात, हेही ठरवताना धरा. एल्डन रिंग १६:९ मध्येच बांधलेला आहे. वॅलोरंटमध्ये आडवा कोन १०३ अंशांवर पक्का आहे, कुणाला जास्त दिसून फायदा होऊ नये म्हणून. बंदुकीच्या इतर अनेक खेळांत एकच कॅमेरा असतो, त्यामुळे बाजूला तीच रबरी माणसं दिसतात. असे गेम खेळताना मी सराउंड बंद करतो आणि मधल्या पडद्यावर खेळतो. गेम घ्यायच्या आधी पीसीगेमिंगविकी या वेबसाइटवर त्या गेमच्या पानावर मल्टी-मॉनिटरची नोंद वाचा.

डोकं जड झालं त्याबद्दल. त्यातला मोठा भाग चुकीच्या कोनाचा होता, पण सगळा नाही. कडेची नजर सांगते गाडी धावते आहे, आणि कानातला तोल सांगतो आपण खुर्चीत बसलो आहोत. हे भांडण खऱ्या कोनावरही थोडं राहतं. पहिला आठवडा पंधरा-वीस मिनिटांच्या वर बसू नका. मोशन ब्लर (वेगात चित्र पुसट करणारा इफेक्ट) आणि गेममधलं डोकं हलवणारे इफेक्ट बंद करा, खोलीत मंद दिवा ठेवा आणि पंखा तोंडावर येऊ द्या. मळमळ सुरू झाली की लगेच उठा. रेटून खेळलं तर सवय व्हायची ती लांबते.

आता पैसे काढायच्या आधी एक करा. मित्राचे मॉनिटर पुन्हा एका रविवारसाठी आणा. स्टँडखाली पुस्तकं घालून तिन्हींची उंची जुळवा, अंतर ६० सेंमी ठेवा आणि कंपासपेटीतल्या कोनमापकाने बाजूचे पडदे वळवा. असेटो कोर्सात ट्रिपल स्क्रीन मोड घेऊन मापं भरा आणि गाडी पिट लेनमध्ये लांब भिंतीशेजारी उभी करा. भिंतीचा वरचा काठ मधल्या पडद्यावरून बाजूच्या पडद्यावर जाताना बघा. तो सांध्यावर मोडत असेल तर कोन किंवा अंतर चुकलं आहे, एकेक अंश बदलत जा. जुळला की डोकं हळूहळू वीतभर मागे न्या, तो पुन्हा मोडेल. परत पुढे या आणि जिथे तो काठ सरळ होतो तिथे खुर्चीच्या चाकांशी जमिनीवर चिकटपट्टीची खूण करा. मग एक फेरी मारा. ती फेरी मारून उठावंसं वाटलं नाही, तर त्याच मॉडेलचे दोन मॉनिटर घ्या. ते मॉडेल बंद झालं असेल तर निदान त्याच आकाराचे, त्याच पॅनेलचे आणि त्याच रिफ्रेश रेटचे घ्या, आणि तिन्हींवर करडा रंग भरून ब्राइटनेस डोळ्यांनी जुळवा.